नर्मदा आत्याची शिफारस

सातपाटीच्या नर्मदेला माशाची तारीफ करायला सांगा, मग बघा तोंड कसं चालतं ते. बोईसरच्या बाजारात तिची पाटी लागली की आसपासच्या चार गल्ल्यांना कळायचं. "कल्ले बघा कसे लालभडक! आत्ता बोटीतून उतरलाय, अजून घरचा पत्ता विसरला नाय!" ऐकणाऱ्याला वाटावं, पापलेट नव्हे, जावईच दाखवतेय.

पण माणसाची तारीफ? छे! आणि घरच्या माणसाचं तर नावच काढू नका. नवरा धर्माजी हा बंदरावर बोट हाकणारा नावाजलेला तांडेल, पण ही ओळख करून द्यायची, "हे आमचे. जेवायला उठतात." धर्माजीही बिचारा मान डोलवायचा. त्याला कारण ठाऊक होतं.

कारण होती भाविका. नर्मदेच्या भावाची आईवेगळी पोर, हिनंच वाढवलेली. पाच वर्षांची असताना एका हळदीत कुण्या पाहुणीनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "काय दाट केस गं!" आठ दिवसांत पोरीला टायफॉईड. केस मुठीमुठीनं गळले, पोर वाचली ती नशिबानं. तेव्हापासून नर्मदेनं गाठ मारून ठेवली: आपल्या माणसाचं कौतुक परक्यापुढं करायचं नाही. विषय निघालाच, तर पहिली नावं आपणच ठेवायची, म्हणजे नजर लागायला काही उरतच नाही.

तर ही भाविका एम. एस्सी. झाली, आणि बोंबील सुकवायच्या मागे लागली. बांबूच्या वलांडीवर टांगलेल्या बोंबलांवर धूळ बसते, माश्या बसतात, कुत्री ताव मारतात. पोरीनं जाळीची एक पेटी तयार केली. तिच्यात माल स्वच्छ सुकायचा, तोही एक दिवस आधी. मग तिला कुठून कळलं, नॉर्वेतले लोक पण मासे वाऱ्यावर सुकवतात आणि तिथं जाऊन संशोधन करायला शिष्यवृत्ती मिळते. दोन वर्षांची. पोरीनं ध्यास घेतला. सहा महिने अर्ज लिहीत होती, खोडत होती, परत लिहीत होती.

अर्जाला तीन शिफारशी हव्या होत्या. दोन प्राध्यापकांच्या, आणि तिसरी धंद्यातल्या माणसाची, ज्याच्याशी शिष्यवृत्तीची समिती स्वतः व्हिडिओ कॉलवर बोलणार. भाविकानं आत्याचं नाव दिलं.

"काय बोलू गं मी त्यांच्याशी?"

"खरं ते सांग, झालं. आणि मी तिथं असायचं नाय, तसा नियम हाय."

शुक्रवारी दुपारी चारला फोन यायचा होता. नर्मदा ठेवणीतलं लुगडं नेसून, नाकात मोठी नथ घालून पाटीवर बसली. फोन बर्फाच्या पेटीला टेकवून ठेवला, शोभेला बाजूला एक सुरमई. शेजारची सुकटवाली नवसी गिऱ्हाईकं थोपवायला उभी. भाविका नियमाप्रमाणे पलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसली, नखं खात.

फोन वाजला. पडद्यावर एक आपल्याकडचीच मुलगी दिसली. "नमस्कार मावशी. मी प्रियदर्शिनी, नागपूरची. इथे शिकते. दोन्हीकडचं भाषांतर मी करणार." तिच्या मागे तिघं गोरेपान, चष्मेवाले, हातात पेन घेतलेले.

"बाई गं," नवसी कानात कुजबुजली, "सहा डोळे! चष्मे धरून बारा!"

झालं. नर्मदेला ती हळदीतली पाहुणी आठवली.

"भाविका कामात कशी आहे?"

"काय सांगू बाई. एक बोंबील धड टांगता येत नाय."

"अभ्यासाची आवड?"

"पुस्तक तोंडावर घेते आणि झोपते."

"तिनं बनवलेली पेटी तुम्ही वापरता ना?"

"ती व्हय? मांजर झोपतं त्यात."

प्रियदर्शिनीचा चेहरा उतरला. "मावशी, नक्की असंच सांगू?"

"सांग की! एक शब्द गाळू नको."

समोर तीन पेनं भराभर चालू लागली. बारा डोळे विझलेले पाहून नर्मदेला हायसं वाटलं. आता कुणाची माय व्यालीय पोरीला नजर लावायची!

फोन बंद झाला तशी भाविका धावत आली. "काय म्हणाले गं? काय बोललीस तू?"

"निर्धास्त रहा. एक चांगला शब्द तोंडातून जाऊ दिला नाय."

भाविका मटकन बर्फाच्या पेटीवर बसली. "आत्या, ते लिहून घेतात गं! तुझ्या बोलण्यावर मला घेणार होते!"

"मग तसं सांगायचं ना! तू तर म्हणालीस, खरं सांग."

"मग खरं का नाय सांगितलंस?"

"परक्याशी खरं कोण बोलतं गं?" नवसीनं मधेच तोंड घातलं.

पण पोरीला हसू येईना. ओंजळीत तोंड घालून ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, हुंदके देत. नर्मदेचा जीव कासावीस झाला. बोलावं तर नजरेचं भय, गप्प बसावं तर पोरीची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात. आपण आपल्या हातानं हिचं वाटोळं केलं, असं वाटून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती उठली. नवसीकडचं मूठभर मीठ घेतलं, भाविकावरून सात वेळा उतरवलं आणि म्हणाली, "जा टपरीवर. नियम हाय ना?" आणि आलेल्या नंबरावर उलटा फोन लावला.

"मावशी?" प्रियदर्शिनी हळूच बोलली. "आता दुसऱ्या उमेदवाराचं चाललंय."

"त्याला म्हणावं, पाणी पी जरा. मगाशी मी खोटं बोलले."

"कुठलं खोटं?"

"सगळंच. मांजराचं तेवढं खरं हाय, एकदा झोपलं होतं."

कशीबशी समिती परत पडद्यावर आली. नर्मदेनं पदर खोचला, तोंड उघडलं आणि पंचाईत झाली. माणसाची तारीफ करतात कशी? तिला तारीफ येत होती ती एकाच मालाची. मग तिनं तीच लावली.

"पोरगी एकदम ताजी हाय! कुठं डाग नाय, वास नाय! सगळं बंदर फिरून या, असा माल दुसरा मिळायचा नाय! कल्ले बघा—"

नवसीनं कोपरानं ढोसलं.

"म्हणजे काम बघा. चाळीस बायका तिच्या पेटीत बोंबील सुकवतात. मला वाचता येत नाय, तर तिनं पेटीवर चित्रं काढून दिली. ऊन एवढं असलं की उघडायची, वारा एवढा असला की लावायची. दहादा विचारलं तर दहादा सांगते, पण वैतागत नाय. मी वैतागते तिच्यावर."

"तिच्यात काही दोष?"

"हाय ना. लग्नाचं नाव काढलं की कानात इयरफोन घालते."

प्रियदर्शिनीनं हसत हसत सगळं पोचवलं. समितीतल्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, आधी सांगितलेली खरी की आत्ताची?

"आधीची नजरेसाठी, आत्ताची तुमच्यासाठी," नर्मदा म्हणाली. यावर प्रियदर्शिनी बराच वेळ हातवारे करून काहीतरी समजावत होती. नजरेला त्यांच्या भाषेत काय म्हणतात देव जाणे, पण म्हाताऱ्या बाईनं मान डोलावली.

एकोणीस दिवसांनी मेल आला. भाविका बाजारात धावत आली आणि तिथंच वाचून दाखवला. निवड झाली होती. ऑगस्टमध्ये जायचं. नवसीनं आनंदानं सुकट उधळली. नर्मदेनं "परत वाच" म्हटलं, परत ऐकलं, आणि अर्धी कापलेली सुरमई तशीच टाकून ढसाढसा रडायला लागली.

सुरमईवाल्या गिऱ्हाईक बाई घाबरल्या. "अहो ताई, काय झालं?"

"पोरगी चालली माझी. लांब. परदेशात."

"मग चांगलंच आहे की! रडताय कशाला?"

"चांगली हाय म्हणून तर चाललीय," नर्मदा पदरानं नाक पुसत म्हणाली. "मी सांगितली तशी असती, तर राहिली असती ना इथंच माझ्यापाशी."