काढलेली घंटी

तराजूकाकांनी आयुष्यात जगाला एकच गोष्ट दिली, ती म्हणजे एक घंटी. बाकी सगळं त्यांनी काढून घेतलं.

त्यांची कंपनी एडिटर बनवायची, म्हणजे संगणकावर मजकूर लिहायचा, खोडायचा आणि पुन्हा लिहायचा प्रोग्राम. तरुणपणी काकांनी त्यात एक सोय घातली होती: कर्सर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेला की 'टिंग' वाजायचं. पुढे त्यांना बढती मिळाली, आणि बढती मिळालेला माणूस काम करत नाही, नियम करतो. काकांचा नियम असा की नवी सोय हवी असेल तर जुनी एक काढा. साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी तो मोठ्या अक्षरांत छापून, फ्रेम करून बैठकीच्या खोलीत टांगला. कुणी काही मागितलं की काका भिंतीकडे बोट दाखवायचे आणि चष्मा पुसायला घ्यायचे. 'तराजू' हे नाव त्यातूनच पडलं. एडिटर बिचारा वर्षागणिक वाळत गेला. काका म्हणायचे, सुटसुटीत झालाय.

आणि मग घरातूनच मागणी आली.

काकू एका प्रकाशकाकडची प्रुफं आणून दुरुस्त्या चढवायच्या. कागदावरच्या लाल खुणा बघायच्या आणि एडिटरमध्ये त्या त्या ओळीत बदल करायचे. हे काम डोळ्यांत तेल घालून करायचं, आणि काकूंचे डोळेच आता दगा देऊ लागले होते.

"अहो," चहा देताना त्या म्हणाल्या, "मधेच उठून परत आलं की कर्सर सापडतच नाही बघा. केसाएवढा तो! ज्या ओळीवर आहे ती ओळ जरा पिवळी दिसली, तर काय बिघडेल तुमच्या कंपनीचं?"

काकांनी कप खाली ठेवला. "असं एका माणसासाठी सोय घालत नाहीत गं. वजन करून बघावं लागतं."

"मग करा की वजन. दोनदा भलत्याच ओळीत दुरुस्ती गेलीय माझी. प्रकाशक म्हणाले, आता चुकलं तर काम दुसरीकडे देईन. हे गेलं तर या डोळ्यांना नवं काम कोण देणार आहे?"

हे मात्र काकांना लागलं. लागलं म्हणून त्यांनी काय केलं, तर बैठक बोलावली.

एका पिवळ्या ओळीसाठी चौघं दुपारभर बसले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! डिझायनर मुलीला पिवळा रंग आगाऊ वाटला. विक्रीवाला म्हणाला, पैसे भरणाऱ्यांना पिवळी दाखवू, फुकट्यांना राखाडी. साहेब म्हणाले, आधी सर्वेक्षण करू, कारण त्यांना घरी जायचं होतं. ओळ नेमकी कुणाला हवी आहे हे कुणी विचारलं नाही. काकांनीही सांगितलं नाही. बायकोसाठी मागितली असं दिसलं असतं, आणि एवढ्या मोठ्या माणसाला ते शोभलं नसतं.

शेवटी सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. ओळ घालायची तर काढायचं काय? काढण्याजोगं फारसं उरलंच नव्हतं.

"घंटी कितीजण वापरतात हो, काका?" विक्रीवाल्यानं विचारलं आणि लॅपटॉपमध्ये बघून स्वतःच सांगितलं, "दोघं."

"एक मी," काका म्हणाले.

"आणि दुसरा?"

"असेल कुणी रसिक."

कुणी हसलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग राज्य सोडणाऱ्या राजाच्या थाटात म्हणाले, "काढा घंटी." साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

नवी आवृत्ती आली तेव्हा काकांनी ती सकाळीच काकूंच्या संगणकावर घातली. पिवळी ओळ उमटली. "अगबाई, छान दिसतंय की!" काकू म्हणाल्या. आपण त्यापायी काय सोडलं हे काकांनी तेव्हा सांगितलं नाही. संध्याकाळी सांगू, निवांत, असा बेत होता. दिवसभर ते ऑफिसात त्यागाचा चेहरा करून हिंडले.

संध्याकाळी घरी आले तर काकू हात मांडीवर ठेवून नुसत्या बसलेल्या.

"घंटी कुठे गेली?"

"तुला कशाला हवी घंटी?"

"म्हणजे काय? तुम्हीच नाही का सुरू करून दिलीत, लग्नानंतर? मी कागदावरून नजर उचलतच नाही. चार ओळी खाली जायचं तर चार टिंग मोजते. कर्सर हरवला तरच स्क्रीनकडे बघावं लागतं, म्हणून तर ओळ मागितली. आज टिंग वाजेना. वर बघ, खाली बघ करून डोळ्यांना धारा लागल्या, मग अंदाजानं बोटं चालवली. अख्खं प्रकरण चुकलं. उद्या सकाळपर्यंत नीट करून द्या, नाहीतर राहू द्या, असा प्रकाशकांचा फोन आला." काकूंनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "पिवळी ओळ मागितली होती हो मी. त्या बदल्यात कान काढून घ्या म्हटलं नव्हतं."

रसिक सापडला होता.

काकांना लाज वाटली, आणि ती चष्मा पुसून जाणारी नव्हती. जुनी आवृत्ती परत घालावी म्हणून ते संगणकाकडे धावले. पण मागच्या आवृत्तीवर जायची सोय त्यांनी स्वतःच काढून टाकली होती, सुटसुटीतपणासाठी. मग त्यांनी काकूंच्या शेजारी खुर्ची ओढली आणि त्या पिवळ्या ओळीवर डोळे लावले.

"हं, दाब."

काकूंनी बाणाची कळ दाबली.

"टिंग," काका म्हणाले. "टिंग. टिंग. टिंग."

काकूंना आधी हसू फुटलं. मग ते आवरून, कागदावर बोट ठेवून त्या मोजू लागल्या. प्रकरण संपेपर्यंत काका वाजत राहिले.

दुसऱ्या दिवशी बैठकीत काकांच्या तोंडून धड शब्द फुटेना, इतका घसा बसला होता. "घंटी परत घाला," ते कसंबसं म्हणाले.

"घालू की," साहेबांनी सवयीनं भिंतीकडे बोट दाखवलं. "पण मग काढायचं काय?"

काका खुर्चीवर चढले, खिळ्यावरची फ्रेम उतरवली आणि साहेबांच्या हातात दिली.

"हे."