लाउतोकाच्या स्टँडमागचं पातेलं

फिजीतल्या लाउतोका शहरात सगळ्यात चांगलं खाणं कुठं मिळतं, असं कुणी नवख्यानं विचारलं की बसस्टँडवरचे आम्ही सगळे खोटं बोलायचो. कुणी त्याला बाजारातल्या रोटीवाल्याकडं पिटाळायचं, कुणी साखर कारखान्याकडं, आणि मी म्हणायचे, माझे डाळीचे वडे खा आणि वाटेला लाग. खरं उत्तर माझ्या शेजारच्या बाकड्यावर बसलेलं असायचं. नारळाच्या रसात शिजवलेली मासळी, तिच्याखाली अळूची पानं, सोबत उकडलेला कसावाचा कंद. दुसऱ्याच्या हातचं मला सहसा पटत नाही, पण उनाइसीनं झाकण काढलं की मी निमूट ताट पुढं करायचे.

उनाइसी कांदावू बेटावरची. तिच्या लोकांत रीत अशी, की आपल्या माणसानं तोंड उघडून मागितलं तर नाही म्हणायचं नाही. केरेकेरे म्हणतात त्याला. मागणारे आम्हा हिंदुस्तान्यांतही कमी नाहीत, पण आम्ही निदान नाक तरी मुरडतो. राजधानीत, सुव्याला ती विकायला बसायची तेव्हा भाचे, पुतणे, मावश्या, मावशीच्या सुनेचे भाऊ, सगळे जेवणवेळेला हजर. दुपारी पातेलं रिकामं आणि बाई उपाशी. तिनं नौसोरी गाठलं, तिथं त्यांनी माग काढला. मग बा गाव, तिथंही तेच. शेवटी ती इथं आली, स्टँडच्या मागच्या अंगाला, जिथं ऊसवाले ड्रायव्हर सोडून कुणी फिरकत नाही.

"आता नाही हलायचं, दीदी," ती म्हणायची. "पायच उरले नाहीत."

खरंच उरले नव्हते. दोन्ही घोटे सुजलेले, उठताना बाकडं धरावं लागायचं. बघून मलाच थकवा यायचा.

तर त्या वर्षी उसाच्या मोसमात सुव्याहून एक बाई कॅमेरा घेऊन आली. रस्त्यावरचं खाणं दाखवते, लाखो लोक बघतात म्हणे. मी तिला वडे चारून वाटेला लावतच होते, तेवढ्यात जगनाथ ड्रायव्हरनं, तोंडात घास असताना, भुवईनं उनाइसीकडं खूण केली. उनाइसीच्या लोकांत राहून त्यांच्या सवयी उचलल्यात मेल्यानं. बाईनं पातेलं टिपलं, उनाइसीला टिपलं, बोटं चाटली आणि गेली.

"झालं," उनाइसी म्हणाली. "आता भाचे-पुतणे येतील."

"येऊ देत. मी सांगते, पातेलं माझं आहे, ही माझ्याकडं कामाला आहे."

"तुझ्या मासळीत हळद असते, दीदी. एका घासात ओळखतील."

शनिवारी ती दोन पातेली घेऊन आली. मी वैतागले. घोटे असे, आणि हिला दुप्पट नारळ खवायचे डोहाळे. "दुसरं कशाला आणलंस?"

"एवढ्या लांबून येणार. उपाशी का जातील?"

सुव्याची प्रत्येक बस लागली की ती मान वर करायची. उतरणारी माणसं बघायची, मान खाली घालायची. अनोळखी गिऱ्हाईक मात्र खूप आलं, रांग लागली. फोनवर बघून आलो म्हणायचे. पहिलं पातेलं संपलं. दुसऱ्याला ती कुणाला हात लावू देईना. संध्याकाळी हमालांना बोलावून वाटून टाकलं. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मग एक दिवस ती एकच पातेलं घेऊन आली.

कुणी आलं नव्हतं. भाचा नाही, मावशी नाही, सुनेचा भाऊ नाही. इतकी वर्षं ही ज्यांच्यापासून पळत होती, त्यांनी शोधणं कधी सोडलं होतं कोण जाणे. मला त्या न आलेल्या लोकांचा इतका राग आला की मी एका गिऱ्हाइकाला उगाच झापलं.

दुपारी जरा सामसूम झाल्यावर उनाइसी माझ्या बाकड्यावर येऊन टेकली. पाय लांब केले.

"दीदी, तू बघितलंस ना ते फोनमधलं?"

"बघितलं."

"माझं तोंड नीट दिसतं का गं त्यात?"

अगदी नीट दिसत होतं. हनुवटीवरचा तीळसुद्धा.

"नाही गं," मी म्हटलं. "नुसती वाफच दिसते. कोण बसलंय ते कळतच नाही."

"तरीच," ती म्हणाली.