पत्र्याच्या डब्याखालचा आठवडा

लोहगडवाडीत पावसाळा आला की माणसं आधी वस्तू झाकतात, मग स्वतःला. सरपणावर ताडपत्री, कोंबड्यांच्या खुराड्यावर जुना फ्लेक्स. गडाच्या पायथ्याशी गोरखभाऊंचं पिठलं-भाकरीचं हॉटेल आहे, तेही निळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलं जातं, अन् गड चढायला आलेली शहरातली पोरं वाकून आत शिरतात. उघडं राहिलेलं काही दिसलं की गोरखभाऊंचा जीव कासावीस होतो.

त्यांची लेक तेजल पुण्यात एम.टेक. करते. विषयाचं नाव लांबलचक आहे, कम्युनिकेशन नेटवर्क आणि सिग्नल प्रोसेसिंग. आईनं, भामाबाईंनी, ते आपल्यापुरतं सोपं करून घेतलं. गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगतात, "लांबचं ऐकायला शिकती." तेजलनं हे कधी दुरुस्त केलं नाही, कारण ते खरंच होतं.

वाडीच्या वरच्या अंगाला डोंगराला एक भेग आहे. पावसात दरडीच्या धास्तीनं तिच्याकडे बघतच वाडी झोपते. तिथं तेजलनं एक पेटी बसवली. माती किती भिजली, उतार किती कलला, हे पेटीनं मोजायचं आणि रेडिओवरून खाली भाजे गावात, एका ओळखीच्या घराच्या गच्चीवर पाठवायचं. मोबाइलची रेंज पावसात कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून हा खटाटोप. तिच्या गाइड अनिता मॅडमनी बजावलं होतं, "ऐन पावसातले आकडे सलग हवेत. खंड पडला, तर पुढचा पावसाळा बघावा लागेल." म्हणजे पदवी वर्षभर लांबणार, आणि आकडे सिद्ध होईपर्यंत भेगेलाही भरवशाचा राखणदार नाही.

ऐन मुसळधारेत पेटी मुकी झाली. गच्चीवरच्या रिसीव्हरला नुसती खरखर ऐकू येऊ लागली. तेजलनं धुक्याला दोष दिला, ओल्या झाडीला दिला, स्वतःच्या गणितालाही दिला. आठवडाभर पुण्यात बसून ती चूक शोधत राहिली. शेवटी वैतागून घरी आली आणि भिजत उतार चढली.

पेटीवर तेलाचा पत्र्याचा डबा पालथा घातलेला होता. वर दगड, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

"आबा!" हॉटेलात शिरताच ती ओरडली. "डबा कुणी घातला?"

"म्या घातला," गोरखभाऊ अभिमानानं म्हणाले. "लय भिजत व्हतं गं बिचारं."

"अहो, ती भिजण्यासाठीच केलीय! पत्र्यातून रेडिओ जात नाही."

गोरखभाऊंनी हातातला कप खाली ठेवला. "मग ह्यो आठवडा?"

"गेला."

"आन् वरीस?"

तेजल ओली ओढणी पिळत राहिली. भामाबाईंनी चुलीपुढून टोला हाणला, "बायकोला कदी छत्री धरली न्हाई, आन् पेटीवर डबा!"

हसू कुणालाच आलं नाही. तेजलनं डबा काढून आणला होता. पेटीचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, पण मधल्या आठवड्याचं भगदाड तसंच. ती बाहेर जाऊन, धुक्यात कट्ट्यावर बसून राहिली.

थोड्या वेळानं आईची हाळी आली. वारा होता. एकदा नुसतं "...जल" आलं, एकदा "ते...", एकदा मधलंच काहीतरी. पण भामाबाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या, त्या हाका मारतच राहिल्या. वारा दर खेपेला वेगळाच तुकडा खात होता. नाव मात्र तेच होतं.

तेजल उठून उभी राहिली. पेटीही प्रत्येक आकडा पुन्हा पुन्हा पाठवते, तशी सोय तिनंच केली होती. डबा तळाशी थोडा उघडा होता. म्हणजे थोडा सिग्नल बाहेर झिरपलाच असणार. आणि रिसीव्हर खरखरही जशीच्या तशी साठवून ठेवत होता. एकाच आकड्याच्या साऱ्या हाका एकमेकींवर ठेवून बेरीज केली तर? खरखर दर वेळी वेगळी, ती आपसात मिटेल. आकडा एकच, तो वर येईल.

सगळे आकडे परत आले नाहीत. निम्म्याहून थोडे जास्त आले, पण भेगेजवळचा उतार हळूहळू कलत होता हे दिसण्यापुरते होते. परीक्षेच्या दिवशी तेजलनं आलेखातल्या उरलेल्या जागा रिकाम्याच ठेवल्या.

"हे काय आहे?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

"वडिलांनी पेटीवर पत्र्याचा डबा पालथा घातला होता, सर."

परीक्षक मोकळेपणानं हसले. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "आणि डब्याखालून हे आकडे काढले कसे? सावकाश सांगा." अनिता मॅडमनी पाण्याचा ग्लास तेजलकडं सरकवला. पुढच्या पावसाळ्याचं नाव कुणीच काढलं नाही.

आता भेगेवर आणखी पेट्या बसणार आहेत. गोरखभाऊंनी लोणच्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बरण्या घासूनपुसून ठेवल्या आहेत. तेजल आली की एकेक पुढं करून विचारतात,

"ह्यातनं बोलता येतंय का बघ तिला. उघडं न्हाई बघवत मला."