आत्याच्या शिव्या

ऑनलाइन खेळांत शिवीची अब्रू राखून असलेली अख्ख्या देशात एकच व्यक्ती आहे, आणि ती माझी आत्या आहे. वय सदुसष्ट, मुक्काम शिरवळ, हत्यार मुलाचा जुना मोबाइल. लोणंदकडच्या तिच्या गावात श्रावणात दोन गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात, आणि वर्षभराचं तुंबलेलं मोकळं करून हसत घरी जातात. आत्या त्यातली नावाजलेली. गुडघे गेले, ओढा सुटला, तेव्हा तिने बंदुकांचा हा खेळ धरला.

बंदुकीशी मात्र तिचं काही देणंघेणं नाही. समोर शत्रू दिसला की ती मोबाइल मांडीवर ठेवते, हातवारे करत "मुडद्या, तळपट हुईल तुझं" इथून सुरुवात करते आणि समोरच्याची पाळी म्हणून थांबते. तेवढ्यात ती मरते. मग तिच्याच टीममधली पोरं वैतागून आई-बहिणीवर येतात. तिला राग येत नाही, कीव येते. "आई-भैनीच्या म्होरं ह्यांची गाडीच जात न्हाई," ती मला म्हणाली. "घरात कुणी शिकिवलंच न्हाई रं." दिल्लीच्या एकाला तिने त्याच्या घोरण्यापासून त्याच्या न जन्मलेल्या नातवंडांपर्यंत सलग चार मिनिटं घेतलं. तो "नमस्ते आंटी" म्हणून निघून गेला.

मग बिहारकडची एक नवी सून भेटली. त्यांच्यात लग्नात बायका पाहुण्यांना गाण्यातून शिव्या देतात म्हणे. तिने चालीवर शिवी घातली आणि आत्या गुडघे विसरून उठली. रोज दुपारी तीनला दोघी भिडायच्या, एक मराठीत, एक भोजपुरीत. अडलं कुणाचंच नाही. नाव, नंबर विचारायचं मात्र दोघींनाही सुचलं नाही. "सासरी दिवसभर त्वांड मिटून असती," आत्या म्हणायची, "हितं तरी बोलू दे की." आत्याच्या घरातही दिवसभर कुणी नसतं, हे माझ्या उशिराच लक्षात आलं.

इतरांनी तक्रारी केल्या आणि खेळवाल्यांनी आत्याचा आवाज बंद केला. परत हवा तर अपशब्द वापरणार नाही असं कबूल करायचं. तिला त्या मुलीशी पुन्हा बोलायचं होतं, म्हणून तिने मला बटण दाबायला लावलं. वर बजावलं, "फौजीची बायकू हाय. सबुद दिला म्हंजी दिला."

दुसऱ्या दिवशी तीनला मुलगी आली आणि आल्या आल्या तिने आत्याचं सगळं खानदान गाऊन काढलं. आत्याने ओठ आवळून धरले.

"अम्मा, नाराज हो?"

"नहीं बेटी," आत्या नवऱ्याबरोबर छावणीत शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "आपने खाना खाया क्या?"

"जी, अम्मा," म्हणून मुलगी खेळातून निघून गेली.

त्यानंतर ती मुलगी आलेली नाही. आत्या रोज तीनला खेळात जाऊन उभी राहते, मरते, पुन्हा उभी राहते. माहेरी गेली असेल, मी समजूत घालतो. मला फार वाईट वाटतं.

"न्हाई रं," ती म्हणते, "परक्यावानी बोलले मी तिच्यासंगं."