प्रिंटरच्या तारेवर द्राक्षं

माझ्या साडूंइतका तारांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि झालाच असेल तर तो फार दिवस जगला नसेल. माझ्या बायकोची थोरली बहीण यांना दिलेली, म्हणून ते माझे साडू. एरवी आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. मी द्राक्ष बागायतदारांच्या एका शीतगृहात हिशेबनीस, आणि ते सातपूरच्या एका कारखान्यात विजेच्या तपासणी खात्यात. इतरांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात सोल्डरच्या तारेचं भेंडोळं असायचं. लग्नकार्यात मंडळी जेवणाच्या पंगतीकडे डोळे लावून बसलेली असताना हे लाउडस्पीकरवाल्याशेजारी उकिडवे बसलेले सापडायचे. स्वतःच्या सख्ख्या भावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना स्पीकर खरखरू लागला, तेव्हा यांनी "एक मिनिट" म्हणून मांडवामागची कुठलीशी तार ओढली. उरलेली मंगलाष्टकं भटजींना घसा ताणून म्हणावी लागली. "पण खरखर थांबली ना?" असं ते पुढे कित्येक वर्षं विचारत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या शीतगृहात बिलं छापायला संगणक आणि प्रिंटर आला. आसपासच्या गावांचे बागायतदार तो बघायला येत आणि चपला बाहेर काढून, हात मागे बांधून पडद्याकडे बघत उभे राहत. साडू पहिल्या रविवारी स्कूटरवरून आले आणि सरळ त्याच्या पाठीमागे जाऊन गुडघ्यांवर बसले. बराच वेळ तिथून नुसते हुंकार ऐकू येत होते. मग टेबलाखालून डोकं बाहेर काढून म्हणाले, "साडूभाऊ, प्रिंटरला जाणाऱ्या ह्या केबलमध्ये केवढ्या तारा आहेत, बघितल्यात? आणि मला लागतात दोन."

त्या दोन तारांनी पुढचे काही महिने आमच्या दोन घरांचं आयुष्य व्यापलं. त्यांनी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन मुंगळ्यासारख्या पायांच्या काही आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, आणल्या होत्या. ह्या आयसी म्हणे एकाच जोडतारेवर ओळीनं बसतात. एका तारेवर संगणक टाळी देतो, दुसरीवर टाळीगणिक एकेक अक्षर सोडतो. प्रत्येक आयसीला आपापला नंबर असतो; ज्याचा पुकारा होईल त्यानंच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. ही शिस्त त्यांना इतकी पसंत पडली की त्यांनी ती घरी सुरू केली. मुलांना नंबर दिले, ताईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, चार नंबर दिला, आणि जेवताना "तीन, मीठ" असं म्हणू लागले. ताईंनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी "चार, पोळी" असा पुकारा झाला, तेव्हा त्या स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाल्या, "चार नंबर बंद पडलाय. आता ज्यानं जोडलाय त्यानं उठून घ्यावं." साडू उठले. तारेवरचं उपकरण उत्तर देत नसेल तर दोष बहुधा जोडणाऱ्याचा असतो, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

त्यांचा बेत साधा होता. शीतगृहाच्या प्रत्येक खोलीत तापमान मोजणारी एकेक आयसी टांगायची, सगळ्यांना मिळून तारांची एक जोडी न्यायची आणि ती प्रिंटरच्या जागी संगणकाला लावायची. गंमत अशी की संगणकाच्या ह्या भोकातून शब्द बाहेर जायची सोय भरपूर होती, आत यायची फारशी नव्हती. प्रिंटर ज्या तारेवरून "कागद संपला" अशी तक्रार करतो, ती तार यांनी हेरली. "आता ह्या तारेवरून द्राक्षं बोलणार," ते म्हणाले. ऑफिसपासून शेवटची खोली बरीच लांब, त्यामुळे पहिल्या दिवशी द्राक्षं काहीही बरळली. एका खोलीनं भट्टीचं तापमान सांगितलं, दुसरीनं हिमालयाचं. साडू दिवसभर डोकं धरून बसले आणि संध्याकाळी एकदम म्हणाले, "आपण भराभर बोलतोय. लांबच्या माणसाशी सावकाश बोलावं लागतं." त्यांनी टाळ्यांचा वेग अगदी संथ केला आणि आकडे ठिकाणावर आले. एक आकडा यायला इतका वेळ लागे की तेवढ्यात मी चहा मागवत असे. पण यायचा तो बरोबर यायचा.

एवढ्यावर ते थांबले असते तर सगळंच सुरळीत झालं असतं. त्यांनी त्याच तारांवर एक आयसी घंटेसाठी जोडली. तापमान चढलं की घंटा वाजावी, ही कल्पना. प्रिंटर आणि द्राक्षं एकाच भोकाचे भागीदार असल्यामुळे मधे एक खटका बसवला होता: डावीकडे प्रिंटर, उजवीकडे द्राक्षं. आमचे चेअरमन हे सगळं बघायला आले त्या दिवशी खटका उजवीकडे होता. चेअरमन धोतर-टोपीतले, बोलायला मोजके. त्यांनी साडूंचं व्याख्यान ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "ते राहू द्या. माझं बिल छापून दाखवा."

मी छापण्याची आज्ञा दिली आणि चेअरमनचं बिल कागदाऐवजी द्राक्षांकडे गेलं. एवढी भराभर अक्षरं त्या तारांवर कधी गेली नव्हती. त्यातलं नेमकं कुठलं अक्षर घंटेला आपला पुकारा वाटलं कोण जाणे, पण ती जी वाजू लागली ती थांबेना. शीतगृहात घंटेचा एकच अर्थ सगळ्यांना ठाऊक होता: अमोनिया फुटला, म्हणजे गारव्याच्या यंत्रातला विषारी वायू सुटला. पेट्या भरणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून पळाल्या, हमाल पळाले, आणि सर्वांच्या पुढे, धोतराचा सोगा हातात धरून, चेअरमन. मी आणि साडू मात्र टेबलाखाली खटका शोधत होतो. घंटा थांबल्यावर चेअरमन बाहेरच्या कडुलिंबाखालूनच बोलले, "पाव्हणे, तुमचं डोकं लय मोठं हाय. पण हे वायरीचं लचांड काढा."

साडूंचा चेहरा उतरला. हंगाम संपेपर्यंत राहू द्यावं, घंटा लगेच काढतो, अशी त्यांनी विनवणी केली. चेअरमन हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ते गाडीत बसून निघून गेले आणि आम्ही तेवढ्यालाच परवानगी समजून घंटा काढली, तारा ठेवल्या.

मार्चमध्ये बोटीनं परदेशी जायचा माल भरून ठेवला होता. एकट्या मागच्या खोलीत बहुतेक गावाचं वर्षभराचं राबणं पेट्यांत बसलेलं. रविवारची टळटळीत दुपार होती. साडू पडद्यासमोर बसून आकडे वाचत होते आणि एकदम गप्प झाले. ते गप्प होणं हीच इतकी नवी गोष्ट होती की मी वहीतून मान वर केली.

"मागची खोली तापतेय," ते म्हणाले.

यंत्रं सांभाळणारा ऑपरेटर जाऊन दारावरचा तापमापकाचा काटा बघून आला. "काटा जिथल्या तिथं हाय साहेब. वायरीचं खूळ असंल."

अशा उन्हात विनाकारण दार उघडलं आणि माल बिघडला, तर चेअरमननी मला आणि साडूंना एकाच तारेवर वाळत घातलं असतं. "साडूभाऊ, ह्याच तारांनी आपल्याला हिमालय दाखवला होता," मी म्हणालो.

त्यावर ते चिडले नाहीत. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "तार खोटं बोलते तेव्हा वेडंवाकडं बोलते. हे बघा, सकाळपासून थोडं थोडं, सरळ चढत आलंय. इतकं नीटनेटकं खोटं माझ्या तारेला जमणार नाही."

मी किल्ली घेतली. आत गेलो तर मागच्या कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, भिंतीसारखा बर्फ धरला होता, पंखा अडकून उभा होता, आणि दारावरचा काटा बहुधा कधीचाच अडकला होता. मग ऑपरेटर, हमाल, मी आणि साडू, सगळ्यांनी मिळून पेट्या शेजारच्या खोलीत हलवल्या. साडूंना वजन उचलायची सवय नव्हती. प्रत्येक पेटीमागे ते "सावकाश, सावकाश" असं स्वतःलाच बजावत होते. माल वाचला. दुसऱ्या दिवशी चेअरमन आले, सगळी खोली हिंडून बघितली, तारेला हात न लावता तिच्याखालून वाकून गेले आणि मला म्हणाले, "राहू द्या ते. पाव्हण्यांना एकदा जेवायला आणा घरी."

दोन हंगाम ती तार चालली. मग सगळी यंत्रणा नवी झाली, तिच्याबरोबर तापमान दाखवणारं, दिवे लुकलुकणारं एक तयार पॅनेल आलं, आणि साडू स्वतःच एका रविवारी आपल्या तारा उतरवायला आले. बरोबर ताई होत्या, जेवणाचा डबा होता. साडूंनी तार न तोडता, खिळा खिळा काढत, हातावर गुंडाळून घेतली. आम्ही तिघं रिकाम्या पेट्यांवर बसून जेवलो. साडू बोलत नव्हते आणि ताई मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी मी त्या नव्या पॅनेलबद्दल काहीतरी विचारलं, खरं म्हणजे मला त्यात काडीचा रस नव्हता. साडूंनी घास खाली ठेवला, हात तसाच हवेत धरून सांगायला सुरुवात केली, आणि ऊन पेट्यांवरून उतरून पार भिंतीला जाईपर्यंत सांगत राहिले. ताईंनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

साडूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमच्याकडे काही बिघडलं की एक मुलगा मोटरसायकलवरून येतो, पाच-दहा मिनिटांत काम करतो. चांगला आहे, हुशार आहे. मी त्याला दर वेळी विचारतो, काय झालं होतं रे?

"पार्ट बदललाय काका," असं म्हणून तो हेल्मेट घालतो. आणि मी फाटकापर्यंत त्याच्याबरोबर उगाच चालत जातो.