याकोबकाकांचा देवाशी अबोला

शाळेत परिपाठ चालू होता, म्हणून याकोबकाकांच्या रूथचा पहिला फोन मी घेतला नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा व्हरांड्यात गेले. "ताई, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. याकोबकाकांना जाऊन आता सहा आठवडे झाले. ते माझे सख्खे काका नव्हते. माझ्या वडिलांचे जिवलग मित्र, राहात्याजवळच्या आमच्या वाडीतले सुतार. गावातल्या निम्म्या दारांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. दार बसवून झालं की ते दोन-तीनदा उघडून-लावून बघायचे आणि घरधनिणीला म्हणायचे, "आता कुरकुर करायची ती तुमी करा. दार न्हाई करायचं."

असा हसरा माणूस. पण सुशीलाकाकूंच्या किडन्या निकामी झाल्या आणि दोन वर्षं काकांचा आठवडा डायलिसिसच्या दिवसांनी बांधला गेला. पहाटेच्या एसटीत काकूंना खिडकीशी बसवायचं, वाऱ्याने त्रास होऊ नये म्हणून स्वतःचा मफलर त्यांच्या कानाला गुंडाळायचा. चर्चची मंडळी प्रार्थना करत होती, काका उपास करत होते. अशात एक बाहेरगावचे प्रवचनकार चर्चमध्ये आले. काकूंच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, "या घरात पूर्ण विश्वास असता, तर ही बाई आज उठून चालली असती." आमच्या वाडीतलेच फिलिपभाऊ तेव्हा चर्चच्या पंचांमध्ये होते. दुसऱ्या दिवशी घरी येऊन त्यांनी तेच पुन्हा ऐकवलं, "याकोब, तुझंच कुठंतरी कमी पडतंय." काकू आतल्या खोलीत जाग्याच होत्या.

चार महिन्यांनी त्या गेल्या. दफनविधीहून परत आल्यावर काकांनी पवित्र शास्त्र काकूंच्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं आणि देवाशी बोलणं टाकलं. रविवारी चर्चची घंटा वाजली की हे मुद्दाम दुकानात जाऊन रंधा मारत बसायचे. चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले, तेव्हा मान वर न करता म्हणाले, "देवाला सांगा, याकोब घरी न्हाई." पाळकसाहेबांनी वाद घातला नाही. लाकडाच्या भुशात बसले, चहा प्यायले, गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले आणि तसेच बसले. असं जवळजवळ तीन वर्षं चाललं.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत फिलिपभाऊंची सारा गेली. एकोणीस वर्षांची, नर्सिंग शिकणारी पोर. डेंग्यूने पाच दिवसांत नेली. मी माहेरी आले होते, सकाळची काकांच्या दुकानात चहा घेऊन गेले होते. फिलिपभाऊ अनवाणी दारात येऊन उभे राहिले. "याकोब... पेटी पायजे." काकांच्या हातातला रंधा थांबला. दोघांमध्ये तीन वर्षं शब्द नव्हता. काका आता काय बोलतील या भीतीने मी कपबशी घट्ट धरून उभी होते. त्यांनी फिलिपभाऊंकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "उंची किती हुती पोरीची?"  फिलिपभाऊंनी हात वर करून आपल्या कानाला लावला. "हितवर लागायची माझ्या."

रूथच्या कपाटासाठी राखून ठेवलेल्या सागवानी फळ्या काकांनी खाली काढल्या. "धर हितं," म्हणून एक टोक फिलिपभाऊंच्या हातात दिलं. मी पॉलिश पेपरने कडा घासायला बसले. दुपारपर्यंत करवत चालू होती. मध्येच फिलिपभाऊ म्हणाले, "माझा विश्वास कमी पडला का रे, याकोब?"

काकांनी करवत खाली ठेवली. "न्हाई रे. लेकरू तापानं गेलं. तुझा विश्वास मोजायला देवानं तिला न्हाई नेलं. त्यो रडतोय तुझ्यासंगं, फिलिप." एवढं बोलले. स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून तिथेच भुशात बसले आणि हमसाहमशी रडू लागले. काकूंना मातीत ठेवतानाही हा माणूस रडला नव्हता. "मी तवा लई वाईट बोललो रे तुला... वहिनीबी ऐकत हुत्या," फिलिपभाऊ म्हणाले. काकांनी बाहीने डोळे पुसले. "धर फळी. पोर थांबलीय."

पुढे कधीतरी मी त्यांना त्या दिवसाबद्दल विचारलं. म्हणाले, "तीन वर्षं देवाला इचारत हुतो, सुशीला तळमळत हुती तवा तू कुठं हुतास? अन् फिलिपला सांगताना त्वांडातनं जे निघालं ना, ते माजं नव्हतं, पोरी. मलाच कुनीतरी सांगत हुतं. तवा कळलं, त्यो तिच्या उशाशीच हुता. रडत."

"मग दुःख गेलं का, काका?"

"कशानं जाईल? हाय तितकंच हाय. पन आता त्याच्याजवळ मी एकटा बसत न्हाई."

ते चर्चला जाऊ लागले, पण पूर्वीच्या पुढच्या जागेवर नाही. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे. कुणाच्या घरी मयत झालेली असली की त्या घरचं माणूस उशिरा, मान खाली घालून आत येतं, हे त्यांना ठाऊक होतं. काका सरकून जागा करायचे. सांत्वनाचं एक अक्षर नाही, बायबलातलं वचन नाही. उपासना संपेपर्यंत नुसते शेजारी बसायचे. शेवटच्या वर्षी फुफ्फुसं थकली, दोन पावलांवर दम लागायचा, तरी रूथच्या आधाराने ते त्या बाकापर्यंत येतच राहिले.

गेल्या रविवारी मी वाडीत होते. चर्चला जाऊ की नको करता करता उशीर झाला. पोहोचले तेव्हा गायन सुरू झालं होतं. शेवटच्या बाकावर फिलिपभाऊ एकटेच होते. त्यांनी मला पाहिलं, आतल्या बाजूला सरकले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तळहाताने दोनदा थोपटलं. मी बसले.