भावोजींचे कान

अख्ख्या रायगड जिल्ह्यात माझ्या भावोजींइतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस दुसरा नाही, आणि घरातून मारलेली हाक त्यांच्याइतकी न ऐकणाराही दुसरा नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उरणकडच्या एका वायू प्रकल्पात, कॉम्प्रेसरच्या खोलीत, त्यांनी तीस-बत्तीस वर्षं नोकरी केली. तिथला आवाज असा, की शेजारी उभ्या माणसाशीही हातवारे करून बोलायचं. त्यामुळे दिवसभर कानांवर आवाज अडवणारे जाड कप लावलेले. निवृत्त झाल्यावर ते श्रीवर्धनला वडिलांच्या सुपारीच्या वाडीत राहायला आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी हेडफोन घेतला. "इतकी वर्षं काही ऐकू येऊ नये म्हणून कान झाकले," ते मला म्हणाले, "आता ऐकू यावं म्हणून झाकतो." हे मला पटलं. पुढच्या अकरा हेडफोनांची कारणं मात्र मला कधीच नीट कळली नाहीत.

प्रत्येक हेडफोनचं काम ठरलेलं. एक तबल्याचा, एक बायकांच्या आवाजाचा, एक फक्त बासरीचा. बासरीच्या हेडफोनवर मी एकदा क्रिकेटची कॉमेंटरी ऐकली, तर भावोजी दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. नवा हेडफोन आणला की तो लगेच कानाला लावायचा नाही, आधी मुरवायचा. नव्या हेडफोनचा पडदा आखडलेला असतो, तो सैल व्हायला हवा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कोठीच्या खोलीत फळीवर तो हेडफोन ठेवायचा आणि त्यात आठ-दहा दिवस अखंड तंबोरा लावून द्यायचा. शेजारीच ताईच्या आंब्याच्या लोणच्याच्या बरण्या. "माझं लोणचं ह्यांच्या आधी मुरतं," ताई म्हणायची, "आणि ते निदान पानात वाढता येतं."

पावसाळ्यात आमच्याकडच्या दमट हवेने हेडफोनच्या गाद्यांना बुरशी धरते. त्यावर भावोजींचा उपाय म्हणजे सगळे हेडफोन तांदळाच्या स्टीलच्या डब्यांत. माझ्या बायकोने एकदा भातासाठी तांदूळ काढायला डब्यात हात घातला आणि किंचाळून मागे सरली. तिला साप वाटला. भावोजी धावत आले, त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "काही नाही झालं वायरला," ते म्हणाले.

त्यांना फ्रिजची घरघर हेडफोन लावूनही ऐकू यायची. ऐकायला बसायचं म्हणजे आधी पंखा बंद, मग फ्रिज बंद, मग शेजारच्या वाडीत जाऊन पंप अर्धा तास थांबवायची विनंती. एका मे महिन्यात मी सहकुटुंब तिथे गेलो होतो. ताईने आमच्यासाठी सुरमई आणून ठेवली होती. भावोजी दुपारी ऐकायला बसले, आणि उठल्यावर फ्रिज सुरू करायचं विसरले. दुसऱ्या दिवशी आम्ही बटाट्याची भाजी खाल्ली. भावोजींनी ताकाचा घोट घेतला आणि म्हणाले, "पण काय शांतता होती काल."

मला संगीतातलं काही कळत नाही. भावोजी मात्र दर भेटीत माझ्या डोक्यावर एकामागून एक हेडफोन चढवून माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मी त्यासाठी तीन शब्द पाठ करून ठेवले होते : मोकळं, खोल आणि गोलाई. ते आलटून पालटून वापरायचो. एकदा मी "गोलाई आहे" म्हणालो, तर त्यांनी हेडफोन काढून घेतला. "हा सपाट आहे. तू ऐकत नाहीस, नुसता बसतोस." ते रागावले नव्हते. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते जास्त बोचलं.

त्यांच्यासारखी ऐकणारी माणसं त्यांना मोबाइलवरच्या एका गटात भेटली, आणि मग दोन-तीन महिन्यांतून एका रविवारी त्यांच्या घरी बैठक भरू लागली. अलिबागचा एक दंतवैद्य यायचा. दिवसभर ड्रिलचा आवाज ऐकून वैतागलेला, सारंगी लागली की हमखास रडणारा. उरणहून बळीराम यायचा. तो बंदरातले कंटेनर वाहणारा ट्रेलर चालवतो. भावोजींच्या मते ह्या सगळ्यांत खरे कान त्याचेच. इंजिनातला एक नट सैल झाला तरी त्याला तो कुठला ते कळतं. पनवेलहून मेघना यायची, सॉफ्टवेअरवाली, गटातली एकुलती एक मुलगी. आणखी चार-पाच जण असायचे. प्रत्येकाच्या हातात अंडी सांभाळून आणावीत तशी एकेक पेटी. सगळे माजघरात गोल करून बसायचे, हेडफोन चढवायचे, डोळे मिटायचे. दहा मिनिटांनी हेडफोन शेजारच्याला द्यायचा. वेळ संपली हे सांगायला भावोजींनी पहिल्या बैठकीत टाळी वाजवली होती. ती अर्थातच कुणाला ऐकू आली नाही. तेव्हापासून ते पंचा हलवायचे. पण डोळे मिटलेले असल्यामुळे तोही कुणाला दिसत नसे, आणि शेवटी त्यांना प्रत्येकाच्या गुडघ्यावर थापटत फिरावं लागे.

अशाच एका बैठकीच्या दिवशी मी तिथे होतो. दारावर मासळी घेऊन येणारी कमळाबाई पडवीत आली. दाराशी चपलांचा ढीग, आत नऊ माणसं खाली मान घालून गप्प, आणि दंतवैद्य रुमालाने डोळे पुसतोय. तिने पाटी हलकेच खाली ठेवली. ताई मागच्या दाराने आली, तेव्हा तिने दबक्या आवाजात विचारलं, "कोन गेला गो बाय?"

ताई म्हणाली, "ह्यांचीच माणसं आहेत. सकाळी आली."

कमळाबाईने हात जोडले आणि पाटी उचलून निघून गेली. अर्ध्या तासात आळीतली माणसं यायला लागली. कुणी टोपी घालून आलं, कुणी आमटी-भाताचं पातेलं झाकून आणलं. पुढे होते ते शेजारच्या वाडीचे मालक, ऐंशीच्या घरातले नाना. ते येऊन भावोजींच्या समोर बसले. भावोजींनी डोळे उघडले. समोर नाना बसलेले, चेहरा गंभीर. इतक्या दिवसांनी नानांना ऐकावंसं वाटलं म्हणून भावोजींना भरून आलं, आणि त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा हेडफोन काढून नानांच्या टोपीवर चढवला. नाना बिचारे दहा मिनिटं सनई ऐकत राहिले. मग त्यांनी हेडफोन काढून भावोजींचा हात हातात घेतला. "गेलेल्या माणसाच्या आवडीचं होतं वाटतं," ते म्हणाले.

त्या दिवशी आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. आमटी-भात सगळ्यांनी मिळून संपवला. ताईने कमळाबाईला भलतंच उत्तर कसं दिलं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

ते डोक्यात आलं पुढच्या बैठकीत. जेवणं झाली होती. ताई सगळ्यांना सोलकढी देत फिरत होती. मेघनाने तिचा हात धरून तिला बसवलं.

"काकू, दर वेळी आमच्यासाठी एवढं करता. आज एकदा ऐकाच. प्लीज."

"मला नको गं. केस विस्कटतात," ताई म्हणाली. हे ती नेहमीच म्हणायची. पण मेघनाने ऐकलं नाही, तिच्या डोक्यावर हेडफोन ठेवलाच. भावोजी हरखून गेले. बायको ऐकायला बसलीय, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. कुठलं लावू, कुठलं नको, करत त्यांनी शेवटी संतूर लावलं आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले.

ताईच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसमोर असतं तसं हसू होतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "सुरू केलंय का?"

मेघनाला वाटलं आवाज कमी आहे. तिने वाढवला. मग आणखी वाढवला. हेडफोन मागून उघडा असतो त्या जातीचा होता. संतूर आता खोलीभर ऐकू येत होतं. कोपऱ्यात बसलेल्या बळीरामने स्वतःचा हेडफोन काढला आणि इकडे पाहिलं.

"हां, आता येतंय," ताई म्हणाली. "तबला छान वाजवलाय."

"आणि संतूर?" भावोजींनी विचारलं. ते तिला ऐकू आलं नाही, म्हणून मेघनाने तिच्या तोंडासमोर येऊन तेच विचारलं.

"संतूर कुठाय ह्यात?" ताई म्हणाली.

भावोजींनी आवाज बंद केला, तिच्या डोक्यावरून हेडफोन अलगद काढला आणि त्याची वायर तपासायला लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बोटांनी चाचपत. "वायर सैल असेल," ते म्हणाले. पुन्हा तपासली. शेवटी बळीराम उठून त्यांच्याजवळ बसला. "काका," तो हळूच म्हणाला, "वायर बरोबर हाय."

मंडळी त्या दिवशी लवकर निघाली. मी राहिलो. पडवीत ती दोघं समोरासमोर बसली होती, आणि मी उठून जावं की नाही हे न कळून तिथेच बसून राहिलो.

"कधीपासून?" भावोजींनी विचारलं. मग जरा मोठ्याने पुन्हा विचारलं.

"झाली असतील चारेक वर्षं. आधी मला वाटलं, तुम्हीच हल्ली हळू बोलायला लागलात."

"आणि मला वाटलं, तू रागावली आहेस. हाक मारली की ओ देत नाहीस."

"तुम्ही तरी कुठे देत होता," ताई म्हणाली आणि हसली. भावोजी हसले नाहीत.

"सांगितलं का नाहीस?"

ताई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "तुमच्या कानांचं एवढं कौतुक. लांबलांबून माणसं येतात. त्यांच्यासमोर माझे कान गेलेत म्हणून काय सांगायचं?"

दोन तारांमधला फरक डोळे मिटून सांगणारा तो माणूस मग उठला. आत जाऊन त्याने फ्रिज सुरू केला.

त्याच आठवड्यात आम्ही तिघं मांडव्याहून लाँचने मुंबईला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. तपासणी झाली, आणि तिथल्या मुलीने ताईच्या कानांचा आलेख छापून आणला. ती मला समजावून सांगू लागली. भावोजींना कुणी समजावायची गरज नव्हती. असले आलेख ते हेडफोनांसाठी रोज बघत होते. रेघ कुठून उतरते, कुठे कोसळते, ह्यावर त्यांनी तासन्‌तास वाद घातले होते. तो कागद त्यांनी दोन्ही हातांत धरला. "वरचं सगळं गेलंय," ते म्हणाले. "पाखरं, घंटी, शब्दांतले स आणि श. उजवा जवळजवळ संपलाय. डावा अजून बरा आहे." डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि उतार पुढे चालूच राहील हेही सांगितलं.

श्रवणयंत्रं आली, आणि भावोजींना जणू नवी नोकरी लागली. यंत्र बसवणाऱ्या मुलीशी ते तासभर भांडले. ती म्हणाली, "काका, सगळ्या पेशंटना हेच सेटिंग चालतं." हे म्हणाले, "ह्या पेशंटला चालणार नाही. ही स्वयंपाकघरात असते. तिथे सगळा आवाज भांड्यांचा." ती वैतागली, पण तिने बदलून दिलं. घरी येऊन भावोजींनी वहीच केली. सकाळी ताईला काय ऐकू आलं, काय टोचलं, काय निसटलं, सगळं त्यात. पहिले दोन दिवस ताई कपाळ धरून बसली होती. वर्तमानपत्र उलटलं तरी तिला पत्र्यावर काही पडल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या दिवशी ती पीठ मळता मळता थांबली, हात वर करून मनगट हलवलं. पुन्हा हलवलं. "माझ्या बांगड्या वाजतात," ती भावोजींना म्हणाली. "हे मी विसरूनच गेले होते." भावोजींनी ते वहीत लिहिलं.

बैठका अजून भरतात. आता ताईही गोलात बसते, आणि एखादा हेडफोन तिला आवडला नाही तर तसं सरळ सांगते. गोलाई वगैरे ती काही म्हणत नाही. "कर्कश आहे" म्हणते आणि काढून ठेवते. बळीराम तिचं मत विचारल्याशिवाय काही घेत नाही. नव्या आलेखात रेघ आणखी थोडी खाली आलीय. भावोजींनी तो कागद मला दाखवला आणि घडी घालून खिशात ठेवला.

ह्या थंडीत मी गेलो, तेव्हा संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर फिरायला गेलो. वाऱ्याने श्रवणयंत्रात नुसतं घूं घूं होतं, म्हणून ताई तिथे ती काढून पर्समध्ये ठेवते. भावोजी तिच्या डाव्या बाजूने चालतात, वाकून, तोंड तिच्या कानाशी नेऊन बोलत. जाताना ती बाजू कोरड्या वाळूची असते. परत फिरलं, की समुद्र डावीकडे येतो. भावोजींनी बाजू बदलली नाही. लाटा त्यांच्या पायांवर येत होत्या, पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती, आणि त्यांचं बोलणं चालूच होतं. मी दहा पावलं मागे होतो. लाटांच्या आवाजात मला त्यांचं एक अक्षरही ऐकू येत नव्हतं. ताई मात्र हसत होती.